डब्यातले तीन लाडू

१

आमिनानं डब्याचं झाकण काढलं आणि तिचे हात तिथंच थांबले.

घनसावंगीच्या गोदाकाठ सेवा क्लबचा हॉल त्या मंगळवारी भरलेला होता. दर मंगळवारी बाराला घंटा वाजे, पाहुण्याची ओळख होई, चहा होई, मग कुणी दातांवर, कुणी विम्यावर, कुणी ठिबक सिंचनावर बोलून जाई. टाळ्या ठरलेल्या, शाल-नारळ ठरलेला. आज बोलायला आमिना शेख आली होती. तालुक्यातल्या अंगणवाड्यांमधून फिरणारी, पोरांची वजनं करणारी, कंत्राटी नोकरीतली आहारतज्ज्ञ.

बोलायला उभी राहिल्यावर तिनं टेबलावर एक वर्तमानपत्र पसरलं होतं.

"तुमचा क्लब एकोणीस अंगणवाड्यांत पोषण लाडू वाटतो. तो लाडू मी ह्या कागदावर फोडणार आहे. आत शेंगदाणे आणि तूप असेल तर कागदावर डाग पडेल. नसेल तर नुसती भुकटी पडेल. मी काही बोलणार नाही. कागदच बोलेल."

शनिवारी तीर्थपुरीच्या अंगणवाडीतून तिनं स्वतः तीन लाडू घेतले होते. पांढुरके, कोरडे, खडूसारखे. स्टीलच्या डब्यात घालून ती ते सांभाळून घेऊन आली होती.

आता डब्यात तीन लाडू होते. तपकिरी, तुपानं ओलसर, दिवाळीच्या ताटात शोभावेत असे.

माघार घ्यायला जागा नव्हती. तिनं एक लाडू उचलून फोडला. कागदावर डाग पडला. आधी रुपयाएवढा, मग पुरीएवढा. ढगाची सावली रानावरून सरकते तसा तो डाग अक्षरांवरून सरकत गेला.

मागच्या रांगेतून कार्यकारिणीतले सर्जेराव म्हणाले, "म्याडम, असले चार आमच्या घरीबी धाडा की."

हॉल हसला.

क्लबचे अध्यक्ष काकासाहेब पहिल्या रांगेतून उठले. पासष्ट वर्षांचे, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात तुळशीची माळ, खिशाला क्लबचा बिल्ला. लाडवाच्या प्रत्येक पाकिटावर त्यांच्या दिवंगत आईचं नाव छापलेलं असे: 'यमुनाबाई पोषण लाडू'. ते मंचावर चढले. डब्यातला एक अख्खा लाडू त्यांनी उचलला आणि सगळ्यांदेखत सावकाश खाल्ला. बोटंसुद्धा चाटली.

"माझी माय असाच लाडू करायची," ते म्हणाले. आमिनानं फोडलेल्या लाडवाचा अर्धा भाग त्यांनी राधेश्यामच्या हातात दिला. "घ्या शेठ, तुमच्याच गिरणीचा माल हाय."

जुन्या जालन्यातल्या राधेश्यामच्या गिरणीत हे लाडू बनत. त्यानं घास तोंडात टाकला, चावला, चावता चावता थांबला. मग गिळला आणि जमिनीकडं बघत राहिला.

"चार वाजता कार्यकारिणी बसंल," काकासाहेबांनी आमिनाकडं न बघता सांगितलं. "तवर माफीनामा लिहून द्या. न्हाईतर मी वर पत्र धाडतो, की ही बाई माझ्या मेलेल्या मायच्या नावाची बदनामी करून राह्यली."

आमिनानं उरलेल्या एका लाडवावर झाकण दाबलं.

"हे माझे लाडू नाहीत. चहाच्या वेळी कुणीतरी बदललेत."

२

तिसऱ्या रांगेत द्वारकाबाई बसली होती. एकतीस वर्षं पोलिसात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेली. क्लबात बाया कमी म्हणून तिला आग्रहानं सभासद केलं होतं, आणि एकदा केल्यावर तिला कुणी काही विचारलं नव्हतं. साखरेच्या आजारानं तिचं गोड बंद होतं. डोळे मात्र बंद नव्हते.

तिनं आमिनाला हाताला धरून व्हरांड्यात आणलं.

"पाणी पी."

"मावशी, मला रडू येत नाही. संताप येतोय."

"मंग तो सांभाळून ठेव. कामाला येतो. डबा कुठं ठेवल्ता?"

"मंचामागच्या खोलीत. माझी पिशवी, डबा, सगळं तिथंच. चहाला बाहेर आले. वीस मिनिटं असतील."

"अन् लाडू फोडणार हे कुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. तुमच्या सचिव आकांक्षानं कालच क्लबच्या ग्रुपवर टाकलं, की उद्या प्रात्यक्षिक आहे."

द्वारकाबाईनं उसासा टाकला. चोराला इतकं रीतसर आमंत्रण तिनं नोकरीत पाहिलं नव्हतं.

"सही केलीस तर काय होईल?"

"सही केली तर येत्या सोमवारी हेच लाडू जातील. वर्षभर जातील. नाही केली तर माझी नोकरी जाईल, आणि लाडू तरीही जातील." आमिनानं पर्समधून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. "ही अक्षता. तीर्थपुरीची. तीन वर्षं झाली तिला. जूनमध्ये वजन नऊ किलो दोनशे. जुलैत नऊ दोनशे. ऑगस्टमध्ये नऊ दोनशे. कालपरवा केलं, नऊ दोनशे. पाच महिने रोज लाडू खातेय ही पोर. तिची आई मला विचारते, म्याडम, देवाच्या नावाचं खाऊन पण अंगाला का लागंना? मी काय सांगू तिला?"

द्वारकाबाई कार्डावरच्या सरळ रेघेकडं बघत राहिली. पोराच्या वजनाची रेघ वेलीसारखी वर चढायला हवी. ही रेघ सुकलेल्या ओढ्यासारखी आडवी पडून होती.

तिनं फोन काढला आणि तीर्थपुरीच्या अंगणवाडीताईला लावला. "सगुणाबाई, एखादं न फोडलेलं पाकीट मिळंल का? आन घेऊन. जीपनं ये, जल्दी."

मग तिनं पदर खोचला. घड्याळात एक वाजला होता.

३

हॉलमध्ये गुन्हेगार आधीच ठरला होता. सर्जेराव सांगत होते, "खोलीची चावी महेमूदकडं असती. दोघं एकाच गल्लीतले. ठरवून केलं असंल काहीतरी."

महेमूद मागच्या ओट्यावर कप विसळत होता. बारा वर्षं तो क्लबचा चहा करत होता.

"आपल्याच बाईचं नाक कापायला मी लाडू बदलीन, असं म्हणून राह्यले का ते?" तो म्हणाला. "हवालदारबाई, कप फुटला की महेमूद, चमचा हरवला की महेमूद. आता लाडूबी महेमूद."

"कोण कोण आत गेल्तं तेवढं सांग."

"आकांक्षाताई गेल्त्या, माईकची वायर आणायला. राधेश्याम शेठ गेल्ते, मोबाईल चार्जिंगला लावायला. काकासाहेब गेल्ते, शाल-नारळाच्या कपाटाकडं. आणिक कुणी न्हाई. मी दारासमोरच होतो ना, शेगडीपाशी."

"तू?"

"मी गेलो असतो तर चहा उतू गेला असता. गेला का?" त्यानं कप जोरात उपडा घातला. "आज सगळंच उलटं चाललंय. पोहे उरले. बिस्किटं उरली. काकासाहेबांनी तर बिस्किटाला हातसुद्धा लावला न्हाई, एकादशी म्हणले. बराबर हाय, त्यांचा उपास बिलकुल कडक. पर घरून आणलेल्या फराळाला दर एकादशीला ताटली मागतात, ती मी सकाळीच घासून ठेवली, ती तशीच पडून हाय. माझ्या कामाची कुणाला किंमत हाय का?"

द्वारकाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पुढं गेली.

आकांक्षा, क्लबची सचिव, टेबलाशी बसून कागदावर लिहीत होती. माफीनामा. दुसऱ्यासाठी.

"मला सांगितलं म्हणून लिहितेय," ती नजर न उचलता म्हणाली.

"पुढच्या वर्षी अध्यक्ष तू होणार म्हणतात."

"म्हणून मी लाडू बदलले? द्वारकाताई, आमिनाला बोलवावं म्हणून मी तीन महिने भांडले. काकासाहेब म्हणायचे, दातांचा डॉक्टर बोलवा."

"पाकिटावर काय काय लिहिलंय गं? आहे का एखादं?"

आकांक्षानं फायलीतून एक रिकामं पाकीट काढलं आणि वाचलं. "गव्हाचं पीठ, सोयाबीन, शेंगदाणे, गूळ, साजूक तूप." मग हळूच म्हणाली, "छान लिहिलंय ना? मजकूर माझाच आहे."

तिच्या डोळ्यांत शरम होती. द्वारकाबाईला शरम बरी वाटली. त्या हॉलमध्ये ती कमीच होती.

राधेश्याम पायऱ्यांवर एकटा बसला होता.

"शेठ, लाडू कसा होता?"

"मला का विचारता? माल जसा सांगितला तसा दिला. मी माझ्या मनानं काही केलं न्हाई." तो एकदम चिडला. "आधी पाच अंगणवाड्या होत्या. तेव्हा लाडू लाडूच होता. मंग म्हणले, एकोणीस करा. मायचं नाव गावोगाव गेलं पाहिजे. मी म्हणलो, शेंगदाणे तेवढेच, तूप तेवढंच, पोरं चौपट, कसं पुरंल? म्हणले, पीठ वाढवा, पोरांना काय कळतं."

"कोण म्हणलं?"

"पाकिटावर कुणाची माय हाय?"

द्वारकाबाई त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तिच्या कानशिलात काहीतरी तापत चाललं होतं. पोरांना काय कळतं.

"अन् मघाचा लाडू?"

राधेश्यामनं इकडंतिकडं बघितलं.

"मी खाल्ला ना, बाई. तसा लाडू माझ्या गिरणीतून दोन वर्षांत निघाला न्हाई. तो माझा माल नव्हता."

"मंग हॉलमध्ये का बोलला न्हाईत?"

"तो माझा न्हाई म्हणलो असतो, तर माझा कसा असतो ते पण सांगावं लागलं असतं."

४

काकासाहेब कार्यालयात बसले होते. मागं भिंतीवर यमुनाबाईंचा फोटो होता. नऊवारी, कपाळभर कुंकू, जगाला जेवायला बसा म्हणणारी नजर. खुर्चीशेजारी काकासाहेबांची कापडी पिशवी होती आणि तिच्यातून पितळी डबा डोकावत होता.

"तुमी पोलिसातून निघाल्या, पर पोलीस तुमच्यातून निघाला न्हाई," ते हसून म्हणाले.

"खोलीत किती वेळ होतात, काकासाहेब?"

"शाल काढली, नारळ काढला, आलो. आमिनाबाईचा सत्कार करायचा होता. म्हणलं, पाहुणी हाय." त्यांनी हात पसरले. "माझ्या मायनं दुष्काळात दारातल्या माणसाला उपाशी धाडलं न्हाई. तिच्या नावावर कुणी थुंकलं तर मी काय करू?"

"खरं हाय," द्वारकाबाई म्हणाली. "तुमच्या मायला मी पाहिलं होतं."

तिनं फोटोला हात जोडले आणि ती बाहेर आली.

तीनच्या सुमाराला सगुणाबाई जीपमधून उतरली. एका हातात पाकीट, कडेवर पोर. "हिची आई कापूस वेचायला गेली. कुणाजवळ ठेवू? घेऊन आले."

अक्षताचे केस उन्हानं करपल्यासारखे तांबूस होते. डोळे मात्र मोठे, सगळं बघणारे.

"पाकीट मिळालं?"

"एका घरी न फोडलेलं होतं. बायांनी आता पोरांना द्यायचं सोडलंय. शेळीला घालतात. शेळीपण वास घेऊन मान फिरवती." सगुणाबाईनं पोरीला ओट्यावर उभं केलं. वजन करताना आया रडू नयेत म्हणून ती ओव्या रचायची. त्यातली एक ती आता पुटपुटली, कुणाला ऐकवायला नव्हे, सवयीनं.

*लेक माझी गं हलकी, जसं कापसाचं बोंड*
*काट्यावर ठेविताना, माझं फिरतं गं तोंड*

द्वारकाबाईनं आमिनाचा डबा उघडला. उरलेल्या एकुलत्या लाडवाचा कण चिमटीत घेतला, चोळला, नाकाशी नेला. मग डोळे मिटून पुन्हा वास घेतला. शेंगदाणा होता. गूळ होता. तूप होतं. ती काहीतरी शोधत होती आणि ते सापडत नव्हतं.

तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. आजच्या चौकोनावर ती बराच वेळ थांबली.

"मावशी, काय झालं?" आमिनानं विचारलं.

"काही न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. "चोर सापडला. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं कबुली दिल्ती, आन् आपण बसून बघितली."

५

चारला कार्यकारिणी बसली. मधोमध काकासाहेब, बाजूला आकांक्षा, राधेश्याम, सर्जेराव. टेबलावर माफीनामा आणि पेन. समोर आमिना उभी. महेमूद चहा घेऊन आला.

"करा सही," काकासाहेब म्हणाले. "विषय संपवू."

"करील," द्वारकाबाई दारातून म्हणाली. "त्याआधी एकच. तीर्थपुरीचं पाकीट आलंय. न फोडलेलं."

तिनं सगळ्यांसमोर पाकीट फाडलं. पांढुरका लाडू टेबलावर ठेवला. तो ठेवता ठेवताच एका बाजूनं ढासळला.

सर्जेराव पुढं वाकले. राधेश्यामनं मान खाली घातली.

"एखादा घाणा बिघडतो," काकासाहेब शांतपणे म्हणाले. "ह्यानं काय सिद्ध होतं?"

"काहीच न्हाई. म्हणूनच म्हणते, दुपारसारखं करा. तुमी तवा सगळ्यांदेखत एक खाल्ला, सगळ्यांची खात्री पटली. हाबी खा. चांगला म्हणलात, तर पोरगी सही करंल, मीबी तिच्या खाली करीन."

तिनं लाडू उचलून त्यांच्यासमोर धरला.

काकासाहेबांचा हात उठलाच नाही. चाळीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून आपोआप बोलली.

"आज एकादशी हाय, बाई. त्यात गहू हाय."

महेमूदच्या हातातल्या ट्रेमध्ये कप किणकिणले.

"मंग दुपारी काय खाल्लं?" द्वारकाबाईनं विचारलं.

काकासाहेबांच्या ओठांवर अजून मघाचं वाक्य होतं. त्यांना ते परत घेता येत नव्हतं.

"दहा मिनिटं आधी तुमी बिस्किटं परतवली, गहू म्हणून. उपास विसरला नव्हता. मंग तोच गव्हाचा लाडू, पाकिटावर पहिलंच नाव गव्हाचं असलेला, तुमी अख्खा खाल्ला, बोटं चाटून. रागाच्या भरात उपास मोडला म्हणावं, तर मोडलेला उपास आता पुन्हा आठवला नसता. म्हणजे मोडलाच न्हाई. हॉलमध्ये सत्तर माणसं होती. त्या डब्यातल्या लाडवात गव्हाचा कण न्हाई, हे फक्त एकालाच ठाऊक होतं. ज्यानं तो घरून आणला त्याला." ती थांबली. "उपासाचे लाडू, काकासाहेब. नुसता शेंगदाणा, गूळ, तूप. दर एकादशीला तुमच्या डब्यात असतात. महेमूदनं ताटली घासून ठेवली, पर आज तुमी फराळच मागितला न्हाई. मागितला असता तर डबा उघडावा लागला असता."

"माझा डबा..."

"उघडा."

त्यांनी उघडला नाही. आकांक्षानं उघडला. पिशवीतून पितळी डबा काढून तिनं झाकण फिरवलं. आत तीन लाडू होते. पांढुरके, कोरडे. एकाचा प्रवासात चुरा झाला होता.

६

फोटो पलीकडच्या खोलीत होता, तरी काकासाहेब त्या भिंतीकडं बघत बोलले.

"मायचं नाव मोठं करायचं होतं."

"तुमची माय पाच पोरांना पोटभर घालून सहाव्याला सांगायची, बाबा, थांब, तुझ्यासाठी आणखी टाकते," द्वारकाबाई म्हणाली. "पाच जणांचं एकोणीस जणांना दाखवून पाठवायची न्हाई. नाव तिचं घेतलं, हात तिचा घेतला न्हाई."

"मी माफी मागतो," ते आमिनाला म्हणाले. "लाडू बंद करतो. पुन्हा पाचच करू, पर नीट करू."

"मला नको माफी," आमिना म्हणाली. दुपारभर सांभाळलेला संताप तिनं आता बाहेर काढला, तोही आवाज न चढवता. "माझी काय, एक दुपार गेली. सगुणाताई, तिला आणा इकडं."

सगुणाबाईनं अक्षताला आत आणलं.

"उचला," आमिना म्हणाली.

"काय?"

"उचला तिला. बाकी काही करू नका."

काकासाहेब उठले. शेतात वाढलेला माणूस, नातवंडं खांद्यावर खेळवलेली. तीन वर्षांची पोर उचलायला किती जोर लागतो हे हातांना पाठ. त्यांनी त्याच जोरानं उचललं, आणि हात कुठल्या कुठं वर गेले. त्यांचा तोल गेला. ओझं असेल म्हणून तयार झालेल्या हातांत ओझंच नव्हतं.

ते तसेच उभे राहिले. खाली ठेवावं की धरून ठेवावं हे त्यांना कळेना.

"नऊ किलो दोनशे," आमिना म्हणाली. "जूनपासून. तुमच्याकडं एकशेचौसष्ट पोरं आहेत अशी. एकेक करून सगळी उचला. मग माफी कुणाची मागायची ते तुम्हाला कळेल."

आकांक्षानं माफीनामा उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. लाडू आजपासून बंद. कारण खाली दिलं आहे. कारण तिनं सगळं लिहिलं, स्वतः लिहिलेल्या पाकिटावरच्या मजकुरासकट. राधेश्यामनं न सांगता सही केली. सर्जेरावांनी दुपारचं काही आठवत नसल्यासारखी केली. महेमूदकडं बघितल्यावर मात्र त्याच्यावर घेतलेला आळ आठवला आणि त्यांना पेन खाली ठेवता येईना.

"चहा गार होऊन राह्यला, साहेब," महेमूद म्हणाला. एवढंच.

शेवटी कागद काकासाहेबांपुढं सरकला. त्यांच्या कडेवर अजून पोर होती, म्हणून त्यांनी डाव्या हातानं सही केली. वेडीवाकडी. आईच्या नावाचा उल्लेख असलेल्या ओळीच्या बरोबर खाली.

तेवढ्यात अक्षता वाकली. टेबलावर आमिनाचा स्टीलचा डबा उघडा होता आणि त्यात तो तिसरा लाडू होता. तपकिरी, तुपानं ओलसर. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला.

"अगं, तो पुरावा आहे," आकांक्षा म्हणाली. "वर दाखवावा लागेल."

द्वारकाबाईनं हात आडवा केला.

"वर दाखवायला पितळी डब्यातले तीन हायेत. हा पुरावा जिथं जायला पायजे तिथंच चाललाय."

पोरीनं पहिला घास घेतला. थांबली. चव कुठून आली हे शोधल्यासारखे तिचे डोळे मोठे झाले. मग ती काकासाहेबांच्या खांद्यावर, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर तुपाचे डाग पाडत, कुणाकडंही न बघता खात राहिली.